‘ज्याचे त्याला’ म्हणजे नेमके कोणाला किती? प्लेटो, ॲरिस्टॉटल आणि आमच्या गावातला कर्जमाफीचा वाद

प्रश्न : पऱ्हाटी

नमस्कार. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका लहान गावात आम्ही ग्रामपंचायतीच्या जुन्या खोलीत अभ्यासिका चालवतो. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी दहाबारा मुले-मुली संध्याकाळी तेथे बसतात आणि रविवारी परीक्षेबाहेरचे काहीतरी मोठ्याने वाचायचे असा आमचा नेम आहे. दिवाळीनंतर प्लेटोचे ‘रिपब्लिक’ घेतले; न्याय म्हणजे काय, यावर सॉक्रेटिसने इतरांशी केलेला हा संवाद. पहिल्याच भागात वाचन अडले, आणि ते अडण्याचे कारण ग्रीसमध्ये नसून आमच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, आहे, म्हणून येथे विचारतो.

आमचे आणि शेजारच्या काकांचे वावर एकाच धुऱ्याला लागून आहे. ज्या वर्षी बोंडअळी आली त्या वर्षी दोघांनीही पीककर्ज उचलले होते आणि अळीने दोघांचीही पऱ्हाटी सारखीच खाल्ली. बाबांनी गोऱ्ह्यांची जोडी विकून मार्चअखेर कर्ज भरले; काकांच्या घरी विकण्यासारखे काही उरले नव्हते, त्यांचे थकले. पुढे २०१९ च्या योजनेत २ लाखांपर्यंतचे थकीत पीककर्ज माफ झाले, त्यात काकांचेही गेले. नियमित फेडणाऱ्यांना ५० हजारांपर्यंत प्रोत्साहनपर रक्कम द्यायचे ठरले आणि ती बाबांना पुढे मिळालीही, परंतु त्यांच्या मनातला सल रकमेचा नव्हता. ‘मंग म्या भरले थे चुकलंच म्हना की,’ एवढेच ते म्हणाले, आणि तेव्हापासून दोन्ही घरांत बोलणे आहे पण पूर्वीचे नाही.

‘रिपब्लिक’मध्ये केफॅलस नावाचा म्हातारा येतो. खरे बोलावे आणि घेतलेले परत करावे, हा त्याचा न्याय. बाबांचा न्याय नेमका हाच आहे. सॉक्रेटिस मात्र एका उदाहरणात तो खोडून टाकतो : मित्राकडून शस्त्र घेतले, पुढे मित्राला वेड लागले, तर ते त्याला परत करायचे काय? अभ्यासिकेतली मुले हसली, मला हसू आले नाही. गोऱ्हे विकणाऱ्या माणसाला हे उत्तर कसे सांगायचे?

दुसरी अडचण चौथ्या भागाची आहे. तेथे शेवटी न्यायाची व्याख्या येते ती अशी, की प्रत्येकाने आपले काम करावे आणि दुसऱ्याच्या कामात लुडबूड करू नये. ते वाचून आमच्यातल्या एका मुलीने पुस्तक मिटले आणि म्हणाली, ‘हे तर आपल्याकडे आधीपासूनच होते, यासाठी अथेन्सला कशाला जायचे?’ मला उत्तर देता आले नाही. जाणकारांनी दोन्हींवर लिहावे.

उत्तर १ : जुना मास्तर

पऱ्हाटी भाऊ, तुमच्या वडिलांना सर्वप्रथम हे सांगा की घेतलेले परत करू नये, असे सॉक्रेटिसने कोठेही म्हटलेले नाही. परतफेड हे न्यायाचे एक उदाहरण आहे, ती न्यायाची व्याख्या होऊ शकत नाही, एवढेच त्याचे म्हणणे आहे. शाळेत मी मुलांना ‘पक्षी म्हणजे काय’ असे विचारले की ती ‘चिमणी’ म्हणत. चिमणी चूक नसते, प्रश्न तेवढ्याने सुटत नसतो.

पण केफॅलस आणि तुमचे वडील यांना एका पंगतीत बसवण्याआधी थोडे थांबा. केफॅलस हा सिरॅक्यूजहून अथेन्सच्या बंदरात, पिरेयसला, येऊन स्थायिक झालेला धनिक. त्याच्या घराण्याचा ढाली बनवण्याचा कारखाना होता. पैशाचा मोठा उपयोग कोणता, असे सॉक्रेटिस त्याला विचारतो, तेव्हा तो सांगतो की देवाचा नैवेद्य आणि माणसाचे देणे बाकी ठेवून भीतभीत परलोकी जावे लागत नाही, हा. म्हणजे त्याचा प्रामाणिकपणा खरा असला तरी तो भरल्या कणगीचा आहे. तुमच्या वडिलांनी रिकाम्या गोठ्यातून देणे दिले. आणखी एक बारीक जागा पाहा : वाद रंगू लागताच केफॅलस हसत उठतो, वाद मुलाच्या, पोलेमार्कसच्या, हाती सोपवतो आणि स्वतः पूजेच्या तयारीला निघून जातो. ज्याला न्यायाचा प्रश्न कधी जाचलाच नाही, तो असाच उठून जाऊ शकतो.

त्या घराचे पुढे काय झाले, हे प्लेटोच्या पहिल्या वाचकांना ठाऊक होते आणि आपल्याला नसते, म्हणून सांगतो. इ.स.पू. ४०४ मध्ये अथेन्स युद्ध हरले आणि तीस जणांची जुलमी सत्ता आली. त्यांनी श्रीमंत परदेशी रहिवाशांची मालमत्ता लुटण्यास सुरुवात केली, त्यात या घराण्याचा कारखानाही गेला आणि पोलेमार्कसला कोणतीही चौकशी न करता विष पिण्यास भाग पाडले गेले. त्याचा भाऊ लिसियस निसटला. त्याने पुढे न्यायालयात केलेल्या भाषणात जप्त झालेल्या ७०० ढालींचा आणि १२० गुलामांचा हिशेब दिला आहे. त्या तिसांमध्ये क्रिटियस हा प्लेटोच्या आईकडचा नातलग होता. ज्या घरात ‘न्याय म्हणजे बलवानाचे हित’ असे याच संवादातला थ्रॅसिमॅकस हा वादपटू आरडाओरडा करत सांगतो, त्याच घरावर बलवानांनी आपले हित साधले. प्लेटोने स्थळ सहज निवडले असेल असे मला वाटत नाही.

थ्रॅसिमॅकस तुमच्या मुलांना आवडेल. खेड्यात तो नेहमीच आवडतो. सत्तेवर बसलेला आपल्या सोयीचे कायदे करतो आणि त्यांनाच न्याय म्हणतो, हे म्हणणे आपल्या पारावर रोज निघते. त्यावर सॉक्रेटिस म्हणतो की वैद्याची विद्या वैद्याच्या नव्हे तर रोग्याच्या हितासाठी असते आणि राज्य करणे हीसुद्धा तशीच विद्या आहे. थ्रॅसिमॅकस उलटून विचारतो, मेंढपाळ मेंढरांना चारतो ते मेंढरांसाठी की कापण्यासाठी? खरे सांगायचे तर या ठिकाणी मला सॉक्रेटिसपेक्षा थ्रॅसिमॅकसची बाजू वजनदार वाटते. प्लेटोलाही तसे वाटले असावे, कारण दुसऱ्या भागात त्याचेच सख्खे भाऊ ग्लॉकॉन आणि अडायमँटस तो आक्षेप अधिक सभ्य भाषेत पुन्हा मांडतात आणि उरलेला सगळा ग्रंथ त्याचे उत्तर देण्यात जातो.

उत्तर २ : निळी शाई

पऱ्हाटीदादा, पुस्तक मिटणाऱ्या त्या मुलीला माझा नमस्कार सांगा, तिने योग्य ठिकाणी पुस्तक मिटले. मी वर्धेकडची, महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवते, आणि दरवर्षी याच पानावर वर्गात कोणीतरी मान वर करते.

आधी शब्दाचा गोंधळ दूर करू. प्लेटोचा शब्द ‘डिकायोसिनी’ असा आहे. आपण त्याला न्याय म्हणतो, पण आजच्या मराठीत न्याय म्हटले की तारीख, वकील आणि निकाल डोळ्यांपुढे येतात. प्लेटोला अभिप्रेत असलेली गोष्ट ‘तो न्यायाने वागणारा माणूस आहे’ या वाक्यातल्या न्यायाजवळची आहे. ती माणसाच्या आत असते. म्हणूनच तो आधी नगराचे मोठे अक्षर वाचतो आणि मग त्यावरून मनाचे बारीक अक्षर लावतो. नगरात राज्यकर्ते, सैनिक आणि उत्पादक असे तीन वर्ग आहेत. मनात विवेक, तेज आणि वासना. विवेकाने राज्य करावे, तेजाने त्याची बाजू धरावी आणि वासनेने हद्दीत राहावे, म्हणजे माणूस न्यायी.

मनापुरते हे मला पटते. रागाच्या भरात धुऱ्यावर कुऱ्हाड उचलणारा माणूस बुद्धीने अडाणी असतोच असे नाही. त्याच्या आतले राज्य उलटलेले असते. अडचण नगराची आहे. प्लेटोच्या बाजूने जेवढे म्हणता येईल तेवढे म्हणते : त्याच्या राज्यकर्त्यांना खाजगी जमीन, घर, सोने काहीही बाळगता येत नाही, तर आपल्याकडे वरच्या पायरीबरोबर वतनही येत असे. बायकांनी राज्य करावे असे तो पाचव्या भागात स्पष्ट म्हणतो. सोने, चांदी, लोखंड आणि पितळ यांची कथा सांगताना, सोन्याच्या पोटी लोखंड आणि लोखंडाच्या पोटी सोने जन्मू शकते आणि मुलाला त्याप्रमाणे खाली किंवा वर हलवले पाहिजे, असेही तो बजावतो. जन्मावर कायमचे शिक्के मारणारी व्यवस्था त्याची नाही.

तरीही मुलीचा आक्षेप उरतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये चातुर्वर्ण्याच्या समर्थकांना उत्तर देताना प्लेटोचाच आधार तपासला आणि सांगितले की सगळ्या माणसांना मोजक्या ठळक वर्गांत कोंबणे ही माणसाकडे आणि त्याच्या शक्तींकडे वरवर पाहण्याची रीत आहे. एका माणसात किती प्रकारचे सामर्थ्य असते, याची प्लेटोला कल्पनाच नव्हती, हा त्या टीकेचा गाभा आहे. म्हणजे जन्माऐवजी गुणावरून वर्ग पाडले तरी दोष जात नाही. दोष वर्ग पाडण्यातच आहे. ‘रिपब्लिक’च्या चौथ्या भागातलेच एक वाक्य मुलांना काढून दाखवा : सुताराने चांभाराचे काम केले तर नगराचे फारसे बिघडत नाही, पण कारागीर सैनिकांच्या वर्गात शिरू पाहील तर नगराचा नाश ठरलेला, असे प्लेटो म्हणतो. खाली अदलाबदल चालते. उंबरठा फक्त वर जाताना आहे. धातू कोणाचा कोणता, हे ठरवणार कोण? वर बसलेलेच. येथे मास्तरसरांचा थ्रॅसिमॅकस मागच्या दाराने परत येतो.

उत्तर ३ : तालुका कोर्ट

मी तालुक्याच्या ठिकाणी दिवाणी वकिली करतो. वाटणीचे दावे, धुऱ्याचे वाद आणि सातबाऱ्यावरच्या नोंदी यांत माझी पंचवीस वर्षे गेली. पऱ्हाटी यांनी प्लेटोला विचारलेला प्रश्न खरे तर दुसऱ्या दोघांना विचारायचा आहे : सोलॉनला आणि ॲरिस्टॉटलला.

सोलॉन प्लेटोच्या सुमारे दीडशे वर्षे आधीचा. इ.स.पू. ५९४ मध्ये तो अथेन्सचा मुख्य अधिकारी झाला, तेव्हा गरीब शेतकरी श्रीमंतांच्या देण्यात बुडालेले होते. काही जण ‘सहाव्या हिश्श्याचे’ म्हणून ओळखले जात (सहावा हिस्सा द्यायचा की ठेवायचा, यावर अभ्यासकांचे अजून एकमत नाही), आणि ज्यांनी स्वतःचे शरीरच तारण ठेवले होते त्यांना देणे फिटले नाही तर गुलाम म्हणून परदेशीही विकले जात असे. शेतांत दगड रोवलेले असत. ते बोजाचे दगड होते, असे बहुतेक अभ्यासक मानतात. आपल्याकडे सातबाऱ्याच्या ‘इतर अधिकार’ या रकान्यात जी नोंद चढते, तीच तेथे दगड होऊन शेतात उभी होती असे समजा. सोलॉनने देणी रद्द केली, शरीर तारण ठेवून कर्ज देण्यास बंदी घातली आणि विकलेल्या काहींना परत आणले. या उपायाचे ग्रीक नाव ‘सायसाख्थिया’, आणि त्याचा शब्दशः अर्थ ‘बोजा झटकून टाकणे’. आपल्या महसुली भाषेतला शब्द अडीच हजार वर्षांपूर्वीच्या त्या शब्दावर इतका नेमका बसतो की मला प्रथम वाचताना हातातला चहा खाली ठेवावा लागला. सोलॉन स्वतः कवी होता. आपल्या कवितेत तो काळ्या भूमीला, देवांच्या थोर मातेला, साक्षीला बोलावतो आणि म्हणतो की तिच्या अंगात जागोजागी रोवलेले दगड मी उपटले, ती दासी होती, आता मोकळी झाली. काळ्या मातीत वाढलेल्या माणसाला यावर टीप नको.

याची दुसरी बाजूही नोंदलेली आहे. ॲरिस्टॉटलच्या शाळेतून आलेला अथेन्सच्या राज्यव्यवस्थेवरचा ग्रंथ इजिप्तमध्ये मिळालेल्या पपायरसवरून १८९१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात अशी हकिकत आहे की देणी रद्द होणार ही बातमी सोलॉनने आधी काही ओळखीच्यांना सांगितली, त्यांनी घाईने कर्जे काढून जमिनी घेतल्या आणि कर्ज रद्द होताच ते धनी झाले. ग्रंथकार सोलॉनला स्वतःला दोषमुक्त ठरवतो. पण त्या कर्जमाफीत पहिला लाभ कोणी घेतला, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. जमिनीची समान वाटणी मात्र सोलॉनने नाकारली, त्यामुळे श्रीमंत देणी गेली म्हणून चिडले आणि गरीब जमीन मिळाली नाही म्हणून. तो दहा वर्षांसाठी देश सोडून गेला.

आता ॲरिस्टॉटल. ‘निकोमॅकियन एथिक्स’च्या पाचव्या भागात तो न्यायाचे दोन काटे वेगळे करतो. एक काटा वाटपाचा : मान, पैसा किंवा सर्वांच्या मालकीचे काहीही वाटायचे असेल तर ते योग्यतेच्या प्रमाणात वाटावे. दुसरा काटा दुरुस्तीचा : दोघांच्या व्यवहारात एकाकडे जास्त गेले असेल तर ते काढून दुसऱ्याला द्यावे. या दुसऱ्या काट्यावर माणूस भला की बुरा, गरीब की श्रीमंत, हे पाहायचे नसते. फक्त किती गेले आणि किती यायचे हे पाहायचे. न्यायाधीश म्हणजे रेघेचे दोन समान भाग करणारा, असे तो म्हणतो आणि ‘न्याय्य’ व ‘दोन भाग’ या ग्रीक शब्दांच्या सारखेपणावर एक श्लेषही करतो.

तुमच्या धुऱ्यावरचा वाद असा आहे की दोन माणसे दोन वेगळ्या काट्यांवर एकच पोते मोजत आहेत. बाबा दुसऱ्या काट्याने मोजतात : उचलले होते, भरले, हिशेब चुकता. त्या काट्यावर ते पूर्ण बरोबर आहेत आणि त्यांचे काहीही चुकलेले नाही. काका पहिल्या काट्याने मोजतात : सरकारी तिजोरी सर्वांची आहे, त्यातला वाटा गरजेप्रमाणे यावा. कर्जमाफीमुळे बाबांच्या आणि बँकेच्या व्यवहारात काहीही बदललेले नाही, म्हणून दुसऱ्या काट्यावर अन्याय दाखवता येत नाही. तक्रार करायचीच तर ती वाटपाची आहे : वाटताना योग्यतेचे माप म्हणून ‘थकणे’ का धरले, ‘नुकसान’ का नाही? अळी दोघांच्याही वावरात होती. माप चुकले, असे मला वाटते. काकांना मिळाले ते चूक नाही. बाबांचे नुकसान मोजलेच गेले नाही, ही चूक आहे.

माप चुकण्याचे आणखी ठळक उदाहरण २००८ च्या केंद्र सरकारच्या कर्जमाफीचे. तेथे २ हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्याला संपूर्ण माफी आणि त्याहून अधिक असणाऱ्याने ७५ टक्के भरल्यास २५ टक्के सूट, असा नियम होता. आता ओलिताची २ हेक्टर आणि आपल्याकडची कोरडवाहू, मुरमाड ४ हेक्टर यांत गरीब कोण? यासाठी ॲरिस्टॉटलकडे फार सुंदर प्रतिमा आहे. लेस्बॉस बेटावरचे गवंडी शिशाची पट्टी वापरत. ती दगडाच्या आकाराप्रमाणे वाकत असे. कायदा सर्वसाधारण भाषेत बोलतो म्हणून काही ठिकाणी त्याला चुकावेच लागते, आणि तेथे कायदा करणारा स्वतः हजर असता तर त्याने काय म्हटले असते, हे ओळखून दुरुस्ती करणे हाही न्यायच, किंबहुना अधिक चांगला न्याय, असे तो सांगतो. हेक्टरची पट्टी लोखंडाची होती. आपला दगड वाकडा होता.

उत्तर ४ : निवृत्त गटसचिव

वकीलसाहेबांचे विवेचन उत्तम आहे, एक दुरुस्ती सुचवतो. २००८ च्या योजनेत ठरावीक अवर्षणप्रवण जिल्ह्यांतल्या २ हेक्टरवरच्या शेतकऱ्यांसाठी २५ टक्के किंवा २० हजार रुपये, यांपैकी जी रक्कम अधिक असेल तेवढी सूट होती. म्हणजे पट्टीत थोडे शिसे घातलेले होते. याद्या आमच्या हाताने तयार झाल्या आहेत, म्हणून आठवते. ते शिसे पुरले नाही, हेही याद्या करतानाच कळत होते.

उत्तर ५ : सालदाराचा मुलगा

सर्वांचे वाचले. बाबा आणि काका दोघांच्याही नावाने सातबारा आहे, म्हणून दोघांपैकी कोणावर अन्याय झाला हा वाद तरी उभा राहतो. माझे वडील एकोणीस वर्षे सालदार होते. पाडव्याला साल ठरायचे, उचल मिळायची, आणि पुढच्या पाडव्याला हिशेबात उचल फिटलेली नसायची, म्हणून त्याच घरी पुढचे साल. बोंडअळीच्या वर्षी मालकाच्या घरी पीक बुडाले आणि आमच्या घरी धान्याची पायली कमी झाली. आमच्या नावाने पीककर्ज नव्हते, म्हणून आम्ही थकलोही नाही आणि नियमितही ठरलो नाही. मक्त्याने वावर करणाऱ्यांचेही तेच झाले.

ॲरिस्टॉटलचा पहिला काटा मी नीट वाचला आहे. योग्यतेप्रमाणे वाटावे हे सर्वांना मान्य असते, योग्यता कशाला म्हणावे यावर भांडण असते, असे तो स्वतःच सांगतो : लोकशाहीवाले स्वातंत्र्याला योग्यता म्हणतात, धनिक पैशाला, इतर कोणी कुळाला किंवा सद्गुणाला. फार प्रामाणिक वाक्य आहे. पण त्याच माणसाने ‘पॉलिटिक्स’मध्ये काही माणसे निसर्गतःच गुलाम असतात असे लिहिले आणि उत्तम राज्यात कष्टकऱ्याला नागरिक मानू नये असेही लिहिले. काटा अचूक आहे. काट्यावर कोणाला उभे करायचे, ते आधीच ठरलेले आहे. मास्तरसरांनी सांगितलेल्या ७०० ढाली ज्या १२० जणांच्या हातून घडत असतील, ते आपल्या चर्चेत फक्त आकडा म्हणून आले, हेही मला वाचताना जाणवले.

या सगळ्यात मला सोलॉन जवळचा वाटतो. त्याने दगड उपटले तेव्हा शेतमालकाबरोबर ज्याचे शरीर तारण होते त्याचाही बोजा उतरवला.

पऱ्हाटी (मूळ प्रश्नकर्ता)

सर्वांचा आभारी आहे. या रविवारी अभ्यासिकेत उत्तरे वाचून दाखवली. पुस्तक मिटणाऱ्या मुलीने निळी शाई ताईंचा परिच्छेद स्वतःच्या वहीत उतरवून घेतला आणि चौथा भाग पुढे वाचण्यास संमती दिली. सालदाराचा मुलगा यांचे उत्तर वाचल्यावर बराच वेळ कोणी बोलले नाही. आमच्यातल्या दोघांच्या घरी आजही साल आहे.

बाबांना मी संध्याकाळी सोलॉनची गोष्ट सांगितली. दोन काट्यांचे त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, पण त्यांचे लक्ष दगडांवर होते. कर्ज फिटल्यावर तेथे दगड कोण काढत असे, मालक की सरकार, असे त्यांनी विचारले. मला सांगता आले नाही. मग म्हणाले, आपला निघाला का ते पाहा. मी मोबाईलवर सातबारा उघडला. ‘इतर अधिकार’च्या रकान्यात गोऱ्हे विकून फेडलेल्या त्या कर्जाचा बोजा जसाच्या तसा उभा आहे. बँकेचा बेबाकी दाखला घरात पत्र्याच्या पेटीत आहे, तो घेऊन सोमवारी तलाठ्याकडे जाणार आहोत. तालुका कोर्ट साहेब, बोजा कमी करण्याच्या अर्जासोबत दाखल्याची मूळ प्रत द्यावी लागते की झेरॉक्स चालते, तेवढे कृपया कळवावे.